भाग ३८ : गेकोची शेपूट बारीक होते तेव्हा

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना दोनदा आलेली वाक्यं गाळली आहेत, बाकी बोललो तसंच आहे.)



आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुरू करतो. नेरुळच्या एका ताईंचा आहे, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलेला. त्या म्हणतात, "दादा, आमचा लेपर्ड गेको तीन आठवडे धड खात नाहीये. शेपूट आधी माझ्या अंगठ्याएवढी जाड होती, आता पेन्सिलसारखी झालीय. दुकानवाले म्हणाले, अळ्या बदलून बघा. कुणी म्हणालं, थंडीत असं होतं. पण आत्ता पावसाळा आहे, थंडी कुठली?"

मेसेज ऐकला आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. (हा विनोद या भागात एकदाच, पुढे नाही करणार.) नेरुळमध्ये थंडी नव्हती हे खरं, पण त्या काचेच्या पेटीत होती. कशी, ते येतंच पुढे.

ज्यांनी हा प्राणी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लेपर्ड गेको म्हणजे पालीच्या गोतावळ्यातला, पण आपल्या ट्यूबलाइटमागच्या पालीपेक्षा बराच वेगळा. त्याला उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात, पाल बिचारी डोळे मिटू शकत नाही. त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या नसतात, म्हणून तो भिंतीवर चढत नाही, जमिनीवर चालतो. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून लेपर्ड. पूर्ण वाढलेला २० ते २५ सेंटीमीटर, वजन साधारण ४५ ते ८० ग्रॅम, आणि नीट ठेवला तर १५-२० वर्षं सहज जगतो. म्हणजे आज दहावीतल्या मुलासाठी घेतलात तर मुलाच्या लग्नात तो घरीच असणार, याची तयारी ठेवा.

मूळचा तो अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. त्याचे भाऊबंद महाराष्ट्रातही आहेत. सातपुड्यातली एक जात तर २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवली, तिला नावच सातपुड्यावरून दिलंय. विषारी समजून लोक या प्राण्यांना ठेचतात, प्रत्यक्षात यांच्यात विषाचा थेंबही नाही. सगळा गोतावळा दगडांच्या कपारीत राहणारा. दिवसा कपारीत, संध्याकाळी बाहेर, आणि बाहेर आल्यावर उन्हाने तापलेल्या दगडावर पोट टेकून बसायचं. हे 'पोट टेकून' लक्षात ठेवा, ताईंच्या गेकोचं सगळं दुखणं तिथेच आहे.

शेपूट म्हणजे कोठार

गेको चरबी साठवतो शेपटीत. उंटाच्या मदारीसारखंच, पण इथे कोठार मागे लावलंय. धडधाकट गेकोची शेपूट बुडाशी मानेइतकी किंवा तिच्याहून जाड असते. खाणं कमी झालं की शरीर आधी हे कोठार रिकामं करतं. त्यामुळे शेपूट बारीक दिसायला लागली त्याच्या बरंच आधी काहीतरी बिघडलेलं असतं. आपल्याला उशिरा कळतं, कारण रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही.

म्हणून काटा. स्वयंपाकघरात असतो तो डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा, पाचेकशे रुपयांत मिळतो. प्लास्टिकचा डबा ठेवा, शून्य करा, गेकोला आत सोडा, आकडा लिहा. दर रविवारी. (डबा वेगळा हवा. कणकेचा वाडगा वापरून परत स्वयंपाकात नेऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर जास्तच जपा.)

ताईंनी दिवाळीत गंमत म्हणून गेकोला काट्यावर ठेवलं होतं. तेव्हा ६२ ग्रॅम. मी सांगितल्यावर त्यांनी परत केलं. ४६. म्हणजे शरीराचा चौथा हिस्सा गेला. डॉक्टर मंडळी १० टक्के घट झाली की घेऊन या म्हणतात. त्यामुळे पहिली गोष्ट मी त्यांना हीच सांगितली की ताई, हे घरगुती उपाय करत बसायचं वजन नाही, डॉक्टरची वेळ घ्या. ती मिळेपर्यंत काय करायचं ते आपण बघू.

इथे एक खुलासा. न खाणारा प्रत्येक गेको आजारी नसतो. नवीन घरात आणलेला आठवडा-दोन आठवडे बिचकून असतो. नर विणीच्या हंगामात, साधारण हिवाळ्याच्या शेवटापासून पुढे, जेवण टाकतात. मादी अंडी धरते तेव्हा टाकते. कात टाकायच्या आधी एक-दोन दिवस तर सगळेच. मोठा गेको जाड शेपटीवर दोन-तीन आठवडे आरामात काढतो. वजन टिकून असेल, डोळे टपोरे असतील, चाल ठीक असेल तर वाट बघा. पिल्लू मात्र वेगळं. तीन ग्रॅमचं पिल्लू चार-पाच दिवस खात नसेल तर थांबू नका, त्याच्याकडे कोठारच नाही.

थर्मामीटर खोटं बोलत नव्हता, चुकीच्या जागी होता

मी ताईंना विचारलं, पेटीत तापमान किती? म्हणाल्या, २९, अगदी बरोबर आहे. थर्मामीटर कुठे लावलाय? वरच्या बाजूला, काचेला चिकटवलाय. आणि गेको कुठे राहतो? खाली.

जूनमध्ये त्यांनी मुलाच्या खोलीत एसी बसवला आणि गेकोची पेटी त्याच खोलीत नेली. रात्रभर एसी २२ वर. पेटीखाली हीट मॅट होती, चालूही होती. पण वर चार बोटं कोकोपीट भरलेलं. दुकानात कुणीतरी सांगितलं, नैसर्गिक वाटतं. कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, तो उष्णता वर येऊच देत नाही. शेजाऱ्यांकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणून त्यांनी पृष्ठभाग मोजला. रात्री ११ वाजता २३ अंश. दिवसा जेमतेम २६.

गेकोच्या शरीराला स्वतःची उष्णता नसते. आपलं जेवण पोटात ३७ अंशांवर पचतं, त्याचं जेवण जमिनीच्या तापमानावर पचतं. पोटाखाली ३१ ते ३३ अंश मिळाले तर पचन चालतं, प्रतिकारशक्ती चालते. २३ अंशांवर पोटातली अळी नुसती पडून राहते, कधी कुजते, कधी उलटून बाहेर येते. मग प्राणी शहाणपणाने खाणंच बंद करतो. आपण म्हणतो, त्याला अळीचा कंटाळा आला. आणि अळ्या बदलत बसतो.

मग त्या कोविडच्या काळातल्या कपाळ मोजायच्या 'बंदुका' आठवल्या. त्या घरात पडून असतील तर वापरता येतात, पण 'सरफेस' मोड असेल तरच. 'बॉडी' मोडमध्ये ते यंत्र आकडा माणसाच्या शरीराला जुळवून सांगतं, फरशीला तो लागू नाही.

उपाय महागडा नाही. पेटी किमान अडीच-तीन फूट लांब. तिच्या एका टोकाखाली, साधारण तिसऱ्या हिश्शात हीट मॅट. मॅटला थर्मोस्टॅट हवाच, त्याशिवाय मॅट ४० च्या पुढे सहज जाते आणि पोट भाजतं. मॅटच्या वरच्या जागी भुसा नको, शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. फरशीच्या दुकानात कटिंगमधून उरलेला मिळतो, बऱ्याचदा फुकट. फरशी हळू तापते, हळू निवते, म्हणजे लाइट तासभर गेली तरी ऊब राहते. थर्मोस्टॅटचा सेन्सर फरशीच्या वर, गेको पोट टेकतो तिथे. दुसरं टोक थंड, २४ ते २६. दोन्हीकडे लपायला जागा. फुटक्या माठाची खापरी उत्तम, फक्त कडा घासून घ्या. गेको स्वतःच ठरवतो कधी उबेला जायचं आणि कधी गारव्याला. फक्त त्याला दोन्ही मिळायला हवं.

मे महिन्यात आपल्याकडे उलटी गत होते. टॉप फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये खोलीच ३४-३५ ला जाते आणि पेटीत थंड टोक उरतच नाही. तेव्हा पेटी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीलगत. खिडकीच्या उन्हात तर कधीच नाही. काचेची पेटी उन्हात म्हणजे बंद गाडी. एसी चालवलात तर मॅट चालू ठेवूनच चालवा.

पावसाळा

नवी मुंबईचा पावसाळा या प्राण्याच्या स्वप्नातही नसतो. त्याला हवेत ३०-४० टक्के आर्द्रता बरी वाटते, आपल्याकडे खाडीकाठी जुलैत ८५ च्या वर. भिंतींना बुरशी, पापडाला बुरशी, चामड्याच्या चपलेला बुरशी. सतत दमट आणि गार अशा पेटीत गेकोला श्वसनाचा संसर्ग होतो. नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं ही त्याची लक्षणं. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

यावर लोक करतात काय, तर पावसाळ्यात मॅट बंद. 'आधीच उकडतंय, वर दमट, शॉक नको.' हे नेमकं उलटं आहे. २७ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या. पाण्याची वाफ तेवढीच ठेवून ती हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता उतरते ६४ टक्क्यांच्या आसपास. गरम हवा जास्त वाफ पोटात घेऊ शकते, म्हणून तीच वाफ तिथे कमी ठरते. म्हणजे हीट मॅट पावसाळ्यात दोन कामं करते, पोटाला ऊब आणि त्या कोपऱ्याला कोरडेपणा. पाण्याचं भांडं थंड टोकाला ठेवा, पेटीचं झाकण जाळीचं असू द्या. शॉकची भीती असेल तर वायर पाण्यापासून लांब आणि प्लग भिंतीवर उंच.

आता गंमत बघा. एवढा कोरडा प्राणी, पण कात टाकायला त्याला एक ओलसर कोपरा लागतोच. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला बाजूला भोक, आत ओला टिश्यू. झाली ओलसर गुहा. ती नसेल, किंवा एसीने खोली फार कोरडी झाली असेल, तर कात बोटांवर अडकते. पिल्लं एक-दोन आठवड्यांनी कात टाकतात, मोठे चार ते आठ आठवड्यांनी. दर वेळी बोटं तपासा. अडकलेल्या कातेची अंगठी बनते, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. कोमट पाण्यात, पोटाला लागेल इतक्याच, १५ मिनिटं ठेवा आणि मऊ झालेली कात ओल्या कापसाच्या काडीने हळू सोडवा. निघत नसेल तर दुसऱ्या दिवशी परत. ओढायची नाही. कात त्याने खाल्ली तर घाबरू नका, खातातच.

खाणं आणि चुना

गेको फक्त किडे खातो. भाजी, फळ, चिकनचा तुकडा, काही नाही. रातकिडे, डुबिया झुरळं, मीलवर्म म्हणजे पिठातल्या त्या पिवळट अळ्या. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा.

किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नावाला. नुसते किडे खाऊन वाढणारं पिल्लू मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतं. हाडं मऊ पडतात. सुरुवातीला चालताना पोट घसटतं, मग पाय वाकतात, बोटं थरथरतात, जबडा रबरासारखा होतो आणि किडा पकडताच येत नाही. मालक म्हणतो, खात नाही. त्याला खायचंय हो, त्याचा जबडा मिटत नाही. वेळेवर उपचार झाले तर प्राणी वाचतो, हाडं परत घट्ट होतात, पण वाकलेली वाकडीच राहतात.

म्हणून किडे द्यायच्या आधी पिशवीत घालून कॅल्शियम कार्बोनेटच्या पावडरीत घोळवायचे. पिल्लांना दर वेळी, मोठ्यांना एकाआड एक. यूव्हीबीचा दिवा नसेल तर आठवड्यातून एकदा-दोनदा डी-३ असलेली पावडर, कारण डी-३ शिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. पण रोज डी-३ नको, जास्त झालं की तेही विष. आणि किड्यांना एक-दोन दिवस आधी चांगलं खायला द्या. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवतं.

दोन-तीन जणांनी विचारलंय, पानाला लावतात तो खायचा चुना चालेल का? नाही. तो दाहक असतो, तोंड आणि घसा भाजेल. अंड्याचं कवच उकळून, वाळवून मैद्यासारखं दळलंत तर ते कॅल्शियम कार्बोनेटच असतं, अडीनडीला ते चालेल.

आणखी एक आपल्याकडचा धोका. घरातलं झुरळ किंवा सोसायटीच्या बागेतला किडा पकडून देऊ नका. स्वयंपाकघरात झुरळांचं जेल लावलेलं असतं, बाहेर डासांसाठी धुराची फवारणी होते. ते विष किड्यातून ५० ग्रॅमच्या प्राण्यात जातं. काजवे तर सरड्या-पालींसाठी मुळातच विषारी आहेत. जूनमध्ये सह्याद्रीत काजवे बघायला जाता, बघून या, आणू नका.

वाळूचंही सांगून टाकतो. बारीक वाळू, त्यातही 'कॅल्शियम सँड' म्हणून मिळते ती, गेको चाटतो आणि आतडं तुंबतं. आजारी प्राण्याला तर पेपर टॉवेलशिवाय दुसरं काही नकोच. विष्ठाही त्यावर स्पष्ट दिसते.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत

ताईंना मी जे सांगितलं ते असं. कोकोपीट सगळं काढा, पेपर टॉवेल घाला. फरशीवर ३२ अंश, आणि आजारी आहे तोवर रात्रीही ऊब चालू. दोन दिवस खायला काहीच देऊ नका. यावर त्या जवळजवळ रडायलाच आल्या. "आधीच हाडं दिसतायत आणि तुम्ही उपाशी ठेवायला सांगताय?" पण गार पडलेल्या, सुकलेल्या आतड्यात एकदम अन्न गेलं तर ते झेपत नाही. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न, हा क्रम. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, म्हणजे पाणी कमी. ड्रॉपरने नाकाच्या टोकाशी कोमट पाण्याचा एकेक थेंब ठेवायचा, तो जिभेने चाटतो. चाटलं तर ठीक, नाही तर दहा मिनिटांचं कोमट अंघोळीचं पाणी.

तिसऱ्या दिवशी एक छोटी अळी, डोकं चिरडून, नाकाशी. आतला रस लागला की बऱ्याचदा चाटतो आणि मग गिळतो. जबरदस्तीने तोंड उघडायचं नाही. जबडा मऊ असेल तर मोडतो आणि घशात गेलेलं फुप्फुसात उतरतं. नळीने भरवायची वेळ आली तर ते डॉक्टरच करतील.

शेपटीला धरून कधीच उचलू नका. घाबरला की तो शेपूट तोडून मोकळा होतो. नवी येते, पण गुळगुळीत, कंदासारखी, मणक्यांशिवाय. आणि आजारी प्राण्याने शेपूट टाकली म्हणजे उरलंसुरलं कोठारही गेलं.

आता डॉक्टर. नवी मुंबईत कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण सरपटणारे प्राणी बघणारे मोजके. फोनवर सरळ विचारा, तुम्ही पालवर्गातले प्राणी बघता का आणि विष्ठा मायक्रोस्कोपखाली तपासता का? जवळपास कुणी नसेल तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं. तिथेही आधी फोन करूनच जा. हार्बरने कुर्ला, तिथून मध्य रेल्वेच्या स्लो लोकलने परळ. गेकोला भोकं पाडलेल्या डब्यात पेपर टॉवेलवर ठेवा आणि डबा कापडी पिशवीत. गर्दीच्या वेळी नको. ताजी विष्ठा छोट्या घट्ट डबीत, वजनांची वही आणि पेटीचे फोटो सोबत. डॉक्टरांना निम्मं उत्तर त्या फोटोंत मिळतं.

ताईंच्या गेकोच्या विष्ठेत पिनवर्म सापडले, खूप. हे जंत थोड्या संख्येने बऱ्याच गेकोंत असतात आणि धडधाकट प्राण्याला फारसं करत नाहीत. इथे थंडीने प्राणी खचला आणि जंतांचं फावलं. डॉक्टरांनी फेनबेंडाझोल दिलं, ग्रॅमच्या हिशेबाने मोजून, दोन आठवड्यांनी परत. हे औषध कुत्र्यांनाही देतात, म्हणून घरी कुत्र्याची गोळी कुस्करून देणारे महाभाग आहेत. ४६ ग्रॅमच्या प्राण्याला. अंदाजाने दिलेल्या औषधाने मेलेले गेको आजाराने मेलेल्यांत मोजले जातात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

जे बरं होत नाही त्याबद्दल

सगळं सुधारलं तरी काही गेको झिजतच जातात. खारघरच्या एका कॉलेजच्या मुलाने मला मोठी मेल पाठवली होती, सांगायची परवानगी त्यानेच दिलीय. त्याच्याकडे पाच वर्षांचा ठणठणीत गेको होता. कुणीतरी शहर सोडून जाताना आपला दुसरा गेको याला स्वस्तात दिला. थोडा बारीक होता. पेट्या वेगळ्या ठेवल्या, पण चिमटा एकच, भांडी एकाच स्पंजने धुतलेली. नवा दोन महिन्यांत गेला. याने वाईट वाटून कुंडीत पुरला. सहा आठवड्यांनी जुन्याचं वजन उतरायला लागलं.

तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम निघालं. हा आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी. विष्ठेतून पसरतो, साध्या ब्लीचला दाद देत नाही. आतड्याचं अस्तर बिघडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, शेपूट काडीसारखी होते. पॅरोमोमायसिन नावाच्या औषधाने परजीवी कमी होतात, काही प्राणी बरेच महिने बरे राहतात, पण मुळापासून गेला असं खात्रीने सांगता येत नाही. या मुलाने चार महिने केलं सगळं. शेवटी गेको उभा राहीना, तेव्हा डॉक्टरांकडे नेऊन त्याला शांतपणे जाऊ दिलं. त्याने लिहिलं होतं, 'पहिला मेला तेव्हाच तपासायला नेला असता तर निदान दुसऱ्याला काय झालंय ते लवकर कळलं असतं.'

तर हे करा. नवा प्राणी दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळा चिमटा, वेगळी भांडी, आणि काम आधी जुन्याचं, मग नव्याचं. विष्ठा एकदा नाही, दोन-तीनदा तपासा, कारण परजीवी रोज बाहेर पडत नाहीत. आणि कारण न कळता प्राणी गेला आणि घरात दुसरा असेल, तर पुरू नका. फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि चोवीस तासांत डॉक्टरांकडे शवविच्छेदनासाठी न्या.

काही दोष जन्माचेच असतात. लेमन फ्रॉस्ट नावाचा सुंदर पिवळा-पांढरा प्रकार दुकानांत मिरवतो. तो रंग आणि कातडीतल्या गाठी एकाच जनुकाशी जोडलेल्या आहेत, असं २०२१ मध्ये दिसून आलं. बहुतेक लेमन फ्रॉस्टना पुढे गाठी होतातच. एनिग्मा प्रकारातले मान वाकडी करून गोल गोल फिरतात. हे तुमच्या पेटीने बिघडत नाही आणि सुधारतही नाही. असे प्रकार विकतच घेऊ नका, म्हणजे कुणी पैदासही करणार नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. रानातला गेको उचलून आणायचा नाही. या प्राण्याचं मूळ क्षेत्र भारतालाही लागून आहे, त्यामुळे 'फॉरेनचा आहे, काही लागत नाही' एवढ्या दुकानदाराच्या बोलण्यावर राहू नका. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले. घेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा, पावती जपून ठेवा. पावती नसलेला प्राणी बऱ्याचदा सुटकेसमधून आलेला असतो, आणि तो आजार घेऊनच येतो.

आता नेरुळ. रविवारी रात्री ताईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ४६, ४५, ४५, ४७, ४८, ५१. दुसऱ्या आठवड्यात एक ग्रॅम उतरला होता तेव्हा त्यांचा रात्री साडेअकराला फोन आला होता, ते आकड्यात दिसत नाही. एसी आता २५ वर असतो, मुलगा कुरकुरतो. फोटोखाली लिहिलं होतं, "दादा, आज त्याने रातकिड्याच्या मागे धावून पकडला. आजी म्हणाली, पाल एवढी पळते होय!"

पुढच्या भागात कासवं घेऊ, बऱ्याच जणांची मागणी आहे. तोवर गेको असलेल्यांनी रविवारचं वजन मला पाठवलंत तरी चालेल, मी वाचतो सगळी.